जनकाबाईचा हातगुण

उंद्रीत जनकाबाईच्या आळीत चाळिशीच्या आतलं एकही माणूस असं नाही, ज्याला पहिली आंघोळ तिनं घातलेली नाही. त्यातले काही आता मिशांना पीळ देत फिरतात, एक तर ग्रामपंचायतीचा सदस्य आहे, पण जनकाबाई समोर आली की त्यांना उगाचच अंगावर कपडे नसल्यासारखं वाटतं. ती दोन्ही पाय लांब करून पाटावर बसायची, पोर नडग्यांवर उपडं घ्यायची आणि तेलाचा हात एकदा पाठीवरून फिरला की रडकं पोरही गुमान पडून राहायचं. "जनकाबाईच्या हाताले गुन हाय," असं सगळी आळी म्हणायची. ती वरवर "काहीतरीच बोलता बाप्पा" म्हणायची, पण मनातून तिला ते पटलेलं होतं. माणसाला स्वतःबद्दल असं एखादं कौतुक लागतंच. नाहीतर दुसऱ्यांच्या घरी चाळीस वर्षं फुकट कोण राबतं?

यंदा सोयाबीनच्या सुडीवर ताडपत्री ओढताना तिचे मालक उकंडराव पाय घसरून खाली आले आणि खुब्यात हाड मोडलं. चिखलीकडे जाताना एका फाट्याजवळ धर्मादाय दवाखाना आहे, इलाख्यात त्याला नुसतं 'फाट्यावरचा दवाखाना' म्हणतात. तिथं ऑपरेशन झालं. मुलगा दीपक लगेच घरी परतला, कारण सोयाबीन उघड्यावर होतं आणि त्याची बायको पुष्पांजली सातवा महिना ओलांडून बसली होती. लग्नाला नऊ वर्षं झाल्यावरचं हे पहिलं बाळंतपण. तिला आई नव्हती, म्हणून माहेरी न जाता सासरीच व्हायचं ठरलं होतं. "मले कायची चिंता?" ती सासूच्या भरवशावर सगळ्यांना सांगायची, "न्हाऊ घालायले आत्याबाई हायत ना घरातच."

उकंडरावांच्या सोबतीला जनकाबाई राहिली. तिच्या पिशवीत एक तांब्या, एक ताट, करडीच्या तेलाची बाटली आणि एक जुनेर होतं. जुन्या लुगड्याचा हा तुकडा धुऊन धुऊन लोण्यासारखा मऊ झाला होता. आळीतली सगळी पोरं तिनं त्यानंच पुसली होती.

पुरुषांच्या वॉर्डात बारा खाटा होत्या आणि पाळीला एक सिस्टर. बाकी सगळं करायचं ते सोबतीच्या माणसानं. आपल्याकडे दवाखाना चालतो तो डॉक्टरांच्या औषधावर आणि सोबतीच्या बायांवर. फलकावर नाव मात्र डॉक्टरांचंच असतं. जनकाबाईला रिकामं बसणं ठाऊक नव्हतं. शेजारच्या खाटेवर रोहिणखेडचे बद्रुद्दीन होते. गाद्या-रजया भरण्यात उभा जन्म गेलेला, आता आतड्याचं ऑपरेशन झालेलं. त्यांची बायको शाहजादी जवळ असायची, पण तिच्या कमरेत उसण भरलेली. एवढ्या मोठ्या माणसाला कुशीवर वळवायचं तर ती स्वतःच रडकुंडीला यायची.

"सरक वो जराशी," जनकाबाई पहिल्याच दिवशी म्हणाली. एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली घातला आणि बद्रुद्दीनना म्हणाली, "सोडा श्वास. मोकळा सोडा." त्यांनी श्वास सोडला आणि तेवढ्यात कूस बदलूनही झाली. मग तिनं त्यांच्या कपाळावरचा, मानेवरचा घाम जुनेरानं पुसला.

"दुखलंच नाही," बद्रुद्दीन नवलानं म्हणाले.

त्या दिवसापासून दोघी बायांचं मेतकूट जमलं. शाहजादी भाकरी दोघींपुरती मागवायची, जनकाबाई ठेचा द्यायची. पुष्पांजलीचं पोट, दीपकचं सोयाबीन, रोहिणखेडातल्या रजया, सगळं एकमेकींना पाठ झालं. "नातू झाला का मी त्याच्यासाठी गोधडी आनीन," शाहजादी म्हणायची. "हाव, पन पयलं न्हाऊ माह्या हातचं," जनकाबाई सांगायची.

सिस्टर होती अश्विनी. पंचविशीची, कामाला वाघीण, पण बारा खाटांना दोन हात कुठवर पुरणार? चौथ्या-पाचव्या दिवशी तिनंच हाक मारली. "मावशी, तेवढ्या नऊ नंबरच्या बाबाले कूस बदलून देता का? मी एकटी हाओ."

जनकाबाईला तेच हवं होतं. मग काय, नऊ नंबरचा बाबा, चार नंबरचा जळालेला माणूस, बद्रुद्दीन आणि आपले उकंडराव, अशी तिची फेरीच ठरून गेली. कुणाची पाठ पुसायची, कुणाला पाणी पाजायचं, कुणाची सुटलेली पट्टी सारखी करायची. त्या आठवड्यात टाकीची मोटर जळाली होती आणि वॉर्डातल्या बेसिनचा नळ कोरडा होता. दाराशी एक बादली भरून ठेवत. जनकाबाई त्या बादलीतल्या तांब्याभर पाण्यात जुनेर खळबळायची, पिळायची, खिडकीच्या गजावर वाळत टाकायची आणि पुढच्या फेरीला पुन्हा घ्यायची. वॉर्डातले लोक तिला दुवा देत होते आणि तिला ते गोड वाटत होतं. यात वाईट काय होतं? काही नाही. तेच तर पुढे तिला समजेना.

अकराव्या दिवशी उकंडरावांच्या जखमेला वास येऊ लागला. ताप चढला. इंजेक्शन बदललं, पुन्हा बदललं, पण ताप काही हटेना. मग जखमेतला पू तपासायला गेला आणि तीन दिवसांनी रिपोर्ट आला. अश्विनीनं कागद जनकाबाईपुढे धरला.

"हे सगळे औषधांचे नावं हायत, मावशी. ज्याच्यापुढं फुली हाय, ते या जंतूवर चालत नाही."

जनकाबाईला अक्षर फार येत नव्हतं, पण फुल्या दिसत होत्या. वरपासून खालपर्यंत फुल्याच होत्या. शेवटच्या एका नावापुढे मात्र नव्हती.

"असा कसा मुजोर झाला हा जंतू?"

"आपनच केला. सर्दी झाली, घ्या दोन कॅप्सूल. पाय दुखला, घ्या दोन कॅप्सूल. डॉक्टरबी देतात, दुकानदारबी देतात, आन बरं वाटलं का लोकं अर्ध्यावर सोडतात. सगळे मरत नाहीत, आन जे उरतात ते पक्के होऊन बसतात."

जनकाबाईनं खाटेकडे पाहिलं. दर बाजाराला दोन लाल-पिवळ्या कॅप्सूल चहाबरोबर गिळल्याशिवाय उकंडरावांना बाजार झाल्यासारखाच वाटायचा नाही. ते डोळे मिटून पडले होते, त्यामुळे बोलणं गिळून टाकावं लागलं.

उरलेलं एक औषध सुरू झालं. ते मूत्रपिंडाला जड जातं, म्हणून रोज रक्त तपासत होते. उकंडरावांच्या मूत्रपिंडांनी ते सोसलं आणि ताप उतरू लागला. जनकाबाईनं सुटकेचा श्वास सोडला, तर दुसऱ्याच दिवशी बद्रुद्दीनना हुडहुडी भरली. त्यांच्या पोटाच्या जखमेतही तोच जंतू निघाला. मग नऊ नंबरच्या बाबाच्या पाठीच्या जखमेत निघाला.

अश्विनी दुपारी वॉर्डाच्या मधोमध उभी राहून जंतू निघालेल्या खाटा मोजत होती. सात, आठ, नऊ. तिची नजर खिडकीच्या गजावर गेली. तिथं जुनेर वाळत होतं. तिनं हातमोजा चढवला, चिमट्यानं ते उचललं आणि पिवळ्या पिशवीत टाकलं.

"अवं, माहं हाय ते," जनकाबाई म्हणाली.

"मले ठाऊक हाय, मावशी. तुमचे हातबी द्या."

एका काचेच्या ताटलीत खळ थिजवल्यासारखं काहीतरी होतं. अश्विनीनं जनकाबाईची पाची बोटं त्यावर टेकवून घेतली. उंबऱ्याशी नव्या नवरीच्या हाताचे ठसे घेतात तसे तिचे ठसे त्या ताटलीत उमटले. तिला हसू आलं. अश्विनी मात्र हसली नाही.

तीन दिवसांनी अश्विनीनं तिला चादरींच्या खोलीत बोलावलं आणि दार लोटलं.

"जुनेरात तोच जंतू निघाला. तुमच्या हातावरबी."

जनकाबाईला आधी राग आला. "चाळीस वर्ष झाले मले लेकरं न्हाऊ घालता. एकाले पुरळ उठलं नाही माह्या हातानं. तुमच्या ताटलीत काही गडबड असन."

"असती तं बरं झालं असतं."

जनकाबाई चादरींच्या गठ्ठ्यावर बसली. तिनं विचारलं, "कोनापासून कोनाले गेला?"

"ते कोनी सांगू शकत नाही. माह्याबी हातावर निघाला, मावशी. नळाले पानी नव्हतं, मी बादलीत हात बुडवून काम करत होती. आन तुमाले फेरीले मीच लावलं. चूक पयले माही हाय. मोठ्या डॉक्टरायले मी तसं लिहून देलं." अश्विनीनं लोटलेल्या दाराकडे पाहिलं. "पन वॉर्डात कोनाले बोलू नका. शाहजादीबीले तं अजिबात नाही. भांडनं होतात, आन त्यानं कोनी बरं होत नाही."

"आन माही सून? महिन्यादीडमहिन्यात लेकरू येईन."

"हातावरचे साबनानं जातात. पन ते आतड्यातबी घर करतात, आन तिथून परत हातावर येतात. दोन महिन्यानं मी परत तपासते. तोवर त्या लेकराले हात लावू नका. कमी दिवसाचं झालं तं मुळीच नाही."

जनकाबाई वॉर्डात परतली तेव्हा बद्रुद्दीन तापात बरळत होते. ते एकच चालणारं औषध त्यांना देता येत नव्हतं, साखरेच्या आजारानं त्यांची मूत्रपिंडं आधीच थकली होती. शाहजादीनं नेहमीसारखं स्टूल सरकवून तिला जागा केली. "बसा ना. आज भाकरी गरम हाय."

गप्प राहणं सोपं होतं. सिस्टरनंच तसं बजावलं होतं, देवानंही काही विचारलं नसतं. पण समोर गरम भाकरी होती आणि ती कोणाच्या हातची खायची, कोणाला काय देऊन खायची, हे जनकाबाईला आता ठाऊक होतं. तिनं हात पदरात गुंडाळले.

"बहीन, माह्या हातावर हाय तो जंतू. जुनेरातबी निघाला. माह्या मालकाच्या जखमेतला मीच तुह्या मालकाले नेऊन देला असन."

शाहजादीनं तिच्याकडे पाहिलं. मग पदरात लपवलेल्या हातांकडे पाहिलं. तिनं स्टूल उचललं आणि खाटेच्या पलीकडच्या बाजूला नेऊन ठेवलं. भाकरी तशीच पडून गार झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बद्रुद्दीनना अकोल्याला न्यायचं ठरलं. स्ट्रेचरवर घ्यायला दोन माणसं आली. बद्रुद्दीन शुद्धीत होते. त्यांना जनकाबाई दिसली आणि त्यांनी सवयीनं हात पुढे केला. "बाई, जरा कूस," ते म्हणाले.

जनकाबाई जागची हलली नाही. त्या दोघांनी त्यांना दोन्हीकडून धरून उचललं आणि बद्रुद्दीन कळवळले. तो आवाज जनकाबाईनं ऐकला. शाहजादी मागे वळून न बघता स्ट्रेचरमागं निघून गेली.

उकंडरावांना सुट्टी मिळायच्या आधीच पुष्पांजली बाळंत झाली. मुलगी झाली, पाच आठवडे आधी, वजन पावणेदोन किलो. दुसऱ्या दवाखान्यात काचेच्या पेटीत पंधरा दिवस राहून ती घरी आली. तोवर जनकाबाईही घरी आली होती. अंगणात आळीतल्या बाया जमल्या होत्या, पाणी तापत होतं, पाट मांडलेला होता. पुष्पांजलीनं लेक पुढे केली.

"घ्या आत्याबाई. मी पंधरा दिवसापासून वाटच पाहून राह्यली."

एवढंसं तोंड होतं, मिटलेले डोळे, उंदरासारखी बारीक बोटं. नऊ वर्षं जनकाबाईनं याच क्षणासाठी तेलाची बाटली भरून ठेवली होती. एक डाव घेतलं तर काय होईल, असं तिच्या मनात आलं, अगदी खरंच आलं. हात पदरातून निम्मे बाहेरही आले होते. मग तिला बद्रुद्दीनचा आवाज ऐकू आला आणि तिनं ते परत आत घेतले.

"मी नाही घेत. माह्या हाताले रोग लागला हाय दवाखान्यात."

उकंडराव ओट्यावरून करवादले, "काऊन अशुभ बोलतं? मी चांगला झालो ना तुह्याच हातानं?"

"तुम्ही झाले. दुसरा नाही झाला."

तिनं मग सगळं सांगितलं, जुनेर, ताटली, फुल्या, सगळं. सांगताना तिला दिसत होतं, की एकेक बाई पदर सावरते आहे, आपल्या लेकरांना जवळ ओढते आहे. चाळीस वर्षांत कमावलेलं एका दमात हातचं गेलं. आणि ते घालवणारी ती स्वतःच होती.

"मंग मी घालीन," गोजरबाई म्हणाली. ही शेजारीण. कुंपणाच्या बाभळीवरून दोघींमध्ये वीस वर्षांचा अबोला होता, आणि तिचे हात म्हणजे निव्वळ खराटा. पण ती न्हाणीत जाऊन कोपरापर्यंत साबण लावून आली आणि पाटावर बसली. जनकाबाई दारात लांब बसून सांगू लागली. मान धर. पाणी आधी आपल्या कोपरावर पाह्य. अवं, भांडे घासून राह्यली का? हळू. गोजरबाईनं अबोला मोडून तिला दोनदा गप्प बसवलं, पण ऐकलं सगळं. पोरगी रडून रडून लाल झाली. जुनेराऐवजी पुष्पांजलीनं उकळून वाळवलेला नवा पंचा दिला.

पुढच्या दोन महिन्यांत आळीत दोन बाळंतपणं झाली. दोन्हीकडे गोजरबाईला बोलावणं गेलं. जनकाबाईला ते लागलं. ती कुणाला बोलली नाही, पण त्या दोन्ही दिवशी ती शेतात जाऊन तुरीत कारण नसताना निंदत बसली. नातीला ती दारातूनच बघायची. पोरगी बाळसं धरत होती, गोजरबाईच्या खराट्याची सवय होऊन आता हसतही होती.

मग जनकाबाई फाट्यावर जाऊन तपासणीला नमुना देऊन आली आणि एका सकाळी अश्विनीचा फोन आला. "मावशी, तुमचा रिपोर्ट आला. साफ हाय." तिनं आणखीही सांगितलं, की वॉर्डात आता दोन नळ बसले आहेत, प्रत्येक खाटेला साबणाच्या पाण्याची बाटली टांगली आहे, आणि पाळीला दोन सिस्टर आहेत. जनकाबाईनं फक्त पहिलंच ऐकलं होतं. तिनं फोन दीपकच्या हातात दिला आणि पाणी तापत टाकलं.

तिनं हात धुतले. आधी तळवे, मग पाठ, मग बोटांच्या बेचक्या, नखं, मनगटं, अश्विनीनं शिकवलं होतं तसे. धुऊन झाल्यावर परत धुतले. मग पाटावर बसली, पाय लांब केले आणि पुष्पांजलीनं पोरगी तिच्या नडग्यांवर ठेवली. अनोळखी हात लागताच पोरगी रडायला लागली. आळीतलं एकही पोर जनकाबाईच्या पायांवर असं रडलं नव्हतं.

"सवय नाही तिले," पुष्पांजली घाईनं म्हणाली.

"रडू दे. तिचं बरोबर हाय," जनकाबाई म्हणाली.

तेवढ्यात फोन परत वाजला. दीपकनं कानाला लावला आणि चेहरा बदलून आईजवळ आला. "रोहिणखेडहून हाय. शाहजादी म्हनते." जनकाबाईचे हात ओले, म्हणून त्यानंच फोन तिच्या कानाशी धरला.

"त्याईले जाऊन काल चाळीस दिवस झाले, चाळीसवा केला," शाहजादी म्हणाली. आधीची सगळी विचारपूस तिनं गाळली होती. "मी तुमच्यावर लय नाराज होती. अजूनबी हाओ, झूट कायले बोलू. पन एक गोष्ट राहून गेली. अकोल्याले ते रोज म्हनत होते, त्या उंद्रीवाल्या बाईले बोलाव, तिनं कूस बदलली का दुखत नाही. आखरीच्या दिवशीबी म्हनले. काऊन बोलवत नाही, ते मी त्याईले सांगलं नाही. तुमाले सांगावं वाटलं, म्हनून फोन केला."

माफ कर म्हणावं, तर ते शाहजादीवर आणखी एक ओझं टाकल्यासारखं झालं असतं.

"तुह्या कमरेचं कसं हाय?" जनकाबाईनं विचारलं.

"दुखते," शाहजादी म्हणाली. "आता उचलायचं कोनी नाही, तरी दुखते."

"मी येऊ का?"

"या," शाहजादी म्हणाली, आणि फोन ठेवला.

जनकाबाईला रडू फुटलं. पण डोळे पुसायचे तर हात परत धुवावे लागले असते, म्हणून तिनं ते तसेच वाहू दिले. ज्या हातांनी त्या माणसाचं दुखणं हलकं झालं, बहुधा त्याच हातांनी त्याला मरणही नेऊन दिलं. दोन्ही खरं होतं. त्यातलं एक धरून दुसरं टाकून द्यायची सोय तिला नव्हती.

पाणी निवत चाललं होतं. नात अजून मुसमुसत होती. जनकाबाईनं एक हात तिच्या खांद्याखाली घातला, एक कमरेखाली.

"सोड श्वास," ती म्हणाली. "मोकळा सोड." आणि तिनं नातीची कूस बदलली.